साच्यावरचं पहिलं कापड

आढावांनी कापडाची घडी उलटली, अंगठ्यानं काठ चाचपला आणि लिलाव पुकारणाऱ्या तात्या रणनवऱ्यांनी तोंड उघडायच्या आत बोली लावली. बोलीही अशी, की पटांगणातल्या बायका भोपळे चाचपायच्या थांबून बघायला लागल्या. तेवढ्या पैशांत शिवलेले सदरे आले असते. तात्यांनी सवयीनं "एक वार, दोन वार" केलं, पण पुढे कोण बोलणार? "आढावसाहेबांना!" म्हणून त्यांनी टाळी वाजवली. आढावांनी घडी काखोटीला मारली आणि कोणाकडेही न बघता ते चर्चच्या फाटकाबाहेर पडले.

पायरीवर उभे असलेले हिवाळे पाळक त्यांच्यामागे दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. आढाव चर्चचे ज्येष्ठ पंच होते, आणि हे कापड ज्या गिरणीत विणलं गेलं होतं त्याच गिरणीच्या टाइम-ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांच्या अंगठ्याला तो काठ ओळखू आला नसता तरच नवल.

कापणीचा सण मूळचा नगरकडच्या खेड्यांतला. तिकडे ख्रिस्ती मंडळी ज्वारीची कणसं, भुईमूग, कोंबडी, जे घरचं असेल ते वेदीपुढे आणून ठेवत. उपासना झाली की बाहेर त्याचा लिलाव होई आणि पैसा चर्चच्या पेटीत जाई. माणसं पोटासाठी परळला आली, सण त्यांच्या मागोमाग आला. शेत मात्र आलं नाही. मग लोक शनिवारी भायखळ्याच्या बाजारातून भोपळे आणि वांगी विकत आणत आणि रविवारी देवापुढे ठेवत. पीक दुसऱ्याचं, दुकान तिसऱ्याचं आणि उपकारस्तुती आपली! यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. वाटलं ते एकट्या हिवाळ्यांना.

सणाआधीच्या रविवारी त्यांनी उपदेशाला तोच विषय धरला. बाजारातून आणू नका, म्हणाले. तुमच्या हातांनी जे घडतं ते आणा. मजुराच्या हातून जे निघतं त्याचा पहिला वाटा देवाचा, आणि तो वाटा मालकाला विचारून द्यायचा नसतो, कारण मालकानं कामावर ठेवायच्या आधी देवानं तो हात घडवलेला असतो. हे शेवटचं त्यांनी लिहून आणलं नव्हतं. उभ्या उभ्या सुचलं. बोलून झाल्यावर त्यांच्याच अंगावर शहारा आला. मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्यानं 'आमेन' म्हणालं.

लोकांनी मनावर घेतलं. शिवणकाम करणाऱ्या लक्ष्मीबाईनं झबलं आणलं. नर्सेसच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या योसेफनं पाव भाजून आणला. म्युनिसिपालिटीत झाडूवाली असलेल्या दुर्गाबाईनं स्वतः बांधलेला खराटा आणला, आणि हा वेदीपुढे ठेवावा की नाही म्हणून ती दारातच घुटमळली, तेव्हा पाळकांनी तो तिच्या हातून घेऊन स्वतः नेऊन ठेवला. आणि दौलत पाटोळेनं कापड आणलं.

दौलतचं कापड म्हणजे काय हे त्या माणसांना समजावून सांगावं लागत नव्हतं. साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, धोट्यातून नवं सूत काढायचं तर धोट्याला तोंड लावून ते ओढावं लागे, आणि एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. म्हणून महारवाड्यातून आलेल्या माणसाला साचेखात्यात कोणी पाऊल टाकू देत नसे. बाप ख्रिस्ती झाला म्हणून पोराचे ओठ बदलत नाहीत, असा कामावर माणसं घेणाऱ्या जॉबरांचा हिशेब. दौलतचं नशीब एवढंच, की त्याला घेणारा जॉबर 'किरिस्ताव म्हणजे गोव्याकडचा' असं धरून चालला होता आणि दौलतनं त्याचा गैरसमज दूर करायची तसदी घेतली नव्हती. आधी झाडूखातं, मग वर्षानुवर्षं बदली कामगार, आणि यंदा दिवाळीत तो कायमचा साच्यावर उभा राहिला. त्यांच्या चर्चमधला पहिलाच. त्या साच्यावरून उतरलेल्या पहिल्या थानाचं टोक त्यानं कापलं, पोटाला गुंडाळलं आणि गेटवरच्या झडतीतून बाहेर काढलं. मांजरपाट होतं, कोरं, खळीचा वास अजून तसाच.

हिवाळ्यांनी ते दोन्ही हातांवर घेतलं तेव्हा त्यांना तो वास आला. गिरणीच्या फेंटच्या, म्हणजे उरल्यासुरल्या कापडाच्या, दुकानात कामगारांना तुकडे स्वस्तात मिळतात, पण ते धुतलेले, शिक्का मारलेले. हे थेट साच्यावरचं होतं. हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना भीती वाटली नाही. आनंद झाला. आपण बोललो आणि एका माणसानं ते शब्दन् शब्द खरं मानलं, असं पाळकाच्या जन्मात फार वेळा घडत नाही. त्यांनी कापड उंच धरलं आणि प्रार्थना केली.

भीती वाटली ती आता, ते आढावांच्या काखोटीला गेल्यावर.

हिवाळे आधीपासून असे नव्हते. चांगले मवाळ, मिशनच्या पैशांवर शिकलेले, इंग्रजी उपदेशांची मराठी टिपणं काढणारे पाळक होते. पण त्या वर्षी जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली, परळ-लालबाग पेटलं, गोळीबार सुरू झाला, आणि पंचांनी चर्चचं फाटक आतून बंद करून घेतलं. मिशनचा पगार, परदेशी साहेब, वरून सरकारची नजर. नसती झेंगटं नकोत. रस्त्यावरून पोरं धावत होती. त्यांतलं एक फाटकाच्या गजांना धरून आत बघत काहीतरी म्हणालं. हिवाळे आतच उभे होते. किल्ली आढावांच्या खिशात होती हे खरं. पण त्यांनी ती मागितली नाही हेही खरं. पोरगं पुढे पळालं. त्याचं काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही.

त्यानंतर ते रघु परबाच्या अभ्यासवर्गाला जायला लागले. रघु मालवणकडचा, शेजारच्या गिरणीतला साचेवाला, लाल बावट्याचा कार्यकर्ता. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत सतरंजी अंथरण्यापासून घोषणा देण्यापर्यंत सगळीकडे हाच. लालबागच्या एका व्यायामशाळेत तो दर गुरुवारी दहाबारा कामगारांना मार्क्सवाद समजावून सांगे, आणि त्यांत पांढऱ्या सदऱ्यातले हिवाळे भिंतीला टेकून बसत.

"पाद्रीबुवा, तुमचो देव मेल्यावर देतलो," रघु म्हणे, "आमचो पक्ष निवडणुकीनंतर. वायदो दोघांचोय, पण आमची तारीख तरी जवळची!"

सगळे हसत, हिवाळेही हसत. पण घरी येऊन ते पवित्र शास्त्र उघडत तेव्हा त्यांना तिथेही तेच दिसे. रघु ज्याला वरकड मूल्य म्हणे त्यालाच जुने संदेष्टे मजुराची अडवलेली मजुरी म्हणत होते, आणि रघुपेक्षा पुष्कळ जास्त चिडून म्हणत होते. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात, असं त्यांच्या मनानं घेतलं. रघुच्या मते देव म्हणजे वाटेतली धोंड. हिवाळ्यांना वाटे, तो तर आपल्या चार पावलं पुढेच चालला आहे. यावर त्यांचे वाद होत, आणि त्या वादांत हिवाळ्यांना उपासनेतही येत नसे एवढी मजा येई.

लिलावानंतरच्या गुरुवारी ते रघुकडे गेले ते सल्ला विचारायला. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं. आढाव गिरणीत कळवतील, मग दौलतचं काय करायचं? पण बोलायला लागल्यावर सल्ला मागे राहिला आणि गोष्टच रंगत गेली. खराटा घेऊन दारात थांबलेली दुर्गाबाई, पोटाला गुंडाळलेलं कापड, खळीचा वास. रघुची विडी हातातच विझली.

"असो माणूस आमच्या पक्षात शोधून मिळाचो नाय," तो म्हणाला.

"नाव मात्र घेऊ नकोस हं कुठे."

"छा! नाव कित्याक?"

रघुनं शब्द पाळला, नाव घेतलं नाही. निवडणुकीची हवा तापत होती. दौलतच्या गिरणीसमोर समितीची गेटसभा होती आणि दोन्ही पाळ्यांची माणसं दाटीनं उभी होती. रघु स्टुलावर चढला आणि म्हणाला, या गिरणीतल्या एका ख्रिश्चन साचेवाल्यानं साच्यावरचं पहिलं कापड नेऊन देवापुढं ठेवलं. शेटजीला विचारलं नाही, कारण कापड कुणाचं? "विणणाऱ्याचं!" म्हणून गर्दी ओरडली. टाळ्या पडल्या. सभा झकास झाली.

त्या साचेखात्यात ख्रिश्चन माणूस एकच होता. हे रघुच्या डोक्यात आलं नाही, आणि हिवाळ्यांच्याही आलं नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं. दुसऱ्या दिवशी दौलतला गेटवरच अडवलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. ज्यांच्या धास्तीनं हिवाळे रघुकडे धावले होते, त्या आढावांनी तोवर कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

हिवाळे पुन्हा रघुकडे गेले. या वेळी रघुनं त्यांना आत बसवलं नाही, तोच बाहेर आला.

"चोरीचो मामलो झालो ओ. ह्यात युनियन नाय पडूची."

"चोरी? तूच म्हणालास ना, कापड विणणाऱ्याचं!"

"म्हटलंय. तत्त्व म्हणून म्हटलंय." रघुनं इकडेतिकडे बघितलं. "पण तत्त्व काय एकट्यानं कात्रीनं कापून न्यायचं असतं? सगळ्यांनी मिळून आख्खी गिरणी घ्यायची, ता तत्त्व. आता आम्ही मधी पडलो तर उद्या पेपरात येईल, समितीवाले चोरांचे साथीदार. निवडणूक होऊन जाऊ दे, पाद्रीबुवा."

"तोवर तो काय खाईल?"

रघु पायानं जमीन उकरत राहिला. "माका वाईट वाटता," तो म्हणाला. वाटतही होतं त्याला. त्याचा चेहरा उतरला होता. पण वाईट वाटून दौलतला साचा परत मिळणार नव्हता.

त्याच संध्याकाळी आढाव हिवाळ्यांच्या घरी आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पाळकांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी पाणी आणून दिलं ते त्यांनी एका घोटात प्यायलं.

"पाळकसाहेब, ते कापड आता राहिलेलं नाही," ते म्हणाले. "घरी नेलं तसे आमच्या हिनं त्याचे उशांचे अभ्रे शिवले आणि रंगवूनसुद्धा टाकले. मी ऑफिसात सांगितलंय, तुकडा फेंटच्या दुकानातून मीच घेतला, दौलतला दिला, म्हटलं सणाला ठेव. दौलतलाही तेच पढवलंय. लेबर ऑफिसर कोठारे गिरगावातला सरळ माणूस आहे, निवडणुकीच्या तोंडावर गेटवर दंगा त्यालाही नकोय. चर्चमध्ये ठेवलं म्हणून सभेत बोललं गेलं, तेव्हा तुम्हाला बोलावतील. विचारतील, फेंटचंच ना? हो म्हणायचं. संपलं."

हिवाळे त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस कापड घेऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा आपण याला काय काय म्हणालो होतो मनात!

"आढावसाहेब, तुम्ही खोटं बोललात?"

"बोललो. प्रभूला मी बघून घेईन." आढावांनी टोपी डोक्यावर चढवली. "मला तुमचं ते लाल प्रकरण कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. पण दौलत साच्यावर राहिला पाहिजे. आपल्यातला दुसरा तिथे कधी चढेल, सांगता येत नाही."

"हो म्हणेन," हिवाळे म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

चौकशीच्या सकाळी सरोजिनीबाई त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या.

"अहो, एकच शब्द आहे."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला एक शब्द बोलायची सवय नाही, म्हणून म्हटलं."

लेबर ऑफिसरची खोली साचेखात्याला लागून होती. साच्यांच्या खडखडाटानं टेबलावरचा पेपरवेट हलत होता. मनमोहन कोठारे गोरेपान, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी उठून पाळकांना खुर्ची दिली. आढाव बाजूच्या स्टुलावर ताठ बसले होते. दौलत दाराशी उभा होता, हात पुढे बांधून. धुतलेला सदरा, केसांना तेल. त्यानं डोळ्यांनीच सलाम केला.

"तुम्हाला त्रास दिला, माफ करा," कोठारे म्हणाले. "साधी गोष्ट आहे. आढाव म्हणतात तुकडा फेंटच्या दुकानातला. दौलतही तेच म्हणतो. बाहेर सभेत कोणी काय बोललं त्याच्याशी मला कर्तव्य नाही. तुमच्यासारख्या धर्मगुरूनं एकदा सांगितलं की झालं. तो आजच्या दुसऱ्या पाळीला कामावर लागेल. फेंटचंच कापड ना ते?"

सगळी खोली त्या एका 'हो'ची वाट बघत होती. कारकुनानं टाक दौतीत बुडवून तयार ठेवला होता. कोठाऱ्यांचं बोट फाइलच्या नाडीवर होतं. हिवाळ्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना ते फाटक दिसलं. गज धरलेले हात दिसले. त्या दिवशीही गप्प राहणंच शहाणपणाचं होतं, आणि ते गप्प राहिले होते. आज गिरणीच्या पोटात, मालकाच्या माणसासमोर, कोणीतरी त्यांना विचारत होतं. एवढी वर्षं आपण वेदीवरून बोलतो ते खरं की नाही, हेच जणू विचारत होतं.

"नाही," ते म्हणाले.

आढावांनी झटकन मान वळवली.

"कापड साच्यावरचं होतं. मी ते हातात घेतलं तेव्हाच मला कळलं."

"पाळकसाहेब," कोठारे घाईनं म्हणाले, "मी विचारलं तेवढंच सांगा. नीट आठवून सांगा. घाई नाही."

"आठवतंय मला. मीच सांगितलं होतं आणायला. जो विणतो त्याचा त्या कापडावर पहिला हक्क आहे. देवाचा वाटा त्यानं देवाला दिला, यात चोरी कुठे झाली? चोरी झाली असेल तर ती रोज होते, कोठारेसाहेब, आणि ती दौलत करत नाही."

आवाज चढला होता. साच्यांच्या खडखडाटावरही ऐकू जाईल असा चढला होता. छातीवरचं काहीतरी जड उतरल्यासारखं वाटत होतं त्यांना, हलकं, मोकळं. ते बोलत राहिले. किती बोलले कोण जाणे. थांबले तेव्हा कारकून टाक हातात धरून साहेबाकडे बघत होता आणि आढावांनी डोळे मिटून घेतले होते.

कोठाऱ्यांनी फाइल पुन्हा उघडली. त्यांना राग आला नव्हता. उलट एखाद्या आजाऱ्याची वाईट बातमी कळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"दौलत, हे खरं?"

दौलत साहेबाकडे बघत नव्हता. तो हिवाळ्यांकडे बघत होता, डोळे मोठे करून. माणूस घाबरला आहे, हिवाळ्यांना वाटलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

"व्हय साहेब," दौलत म्हणाला. "खरं हाय."

त्याला कामावरून काढलं. आढावांनी खोटी साक्ष दिली म्हणून त्यांना महिनाअखेरीला घरी बसायला सांगितलं. पेन्शनीला आलेला माणूस, म्हणून पोलिसात दिलं नाही एवढंच. जिना उतरताना हिवाळ्यांनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. आढावांनी हात सोडवून घेतला, पण झटकला नाही.

"पाळकसाहेब, खोटं मी बोललो होतो," ते म्हणाले. "पाप माझ्या माथी जाणार होतं. तुमचं काय जात होतं?"

आणि रघु! रघु दुसऱ्याच दिवशी धावत घरी आला. साचेखात्याच्या भिंतीपलीकडून बोलणं लोकांनी ऐकलं होतं, आणि गिरणगावात बातमीला पाय लागायला वेळ लागत नाही.

"काय बोललात ओ, पाद्रीबुवा! मालकाच्या खुर्चीसमोर! कामगार मैदानावर समितीची सभा आसा, ह्याच बोला, असांच बोला. लोक डोक्यावर घेतील."

"दौलतसाठी बोलाल तुम्ही लोक त्या सभेत?"

रघुनं खिशातली विडी चाचपली. मग म्हणाला, "निवडणूक होऊ दे ओ."

हिवाळ्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. पाळक झाल्यापासून पहिल्यांदाच दारात आलेल्या माणसाला त्यांनी असं उभं ठेवलं.

त्यांना वाटलं होतं, दौलत आता चर्चमध्ये येणार नाही. तो येत राहिला. पहिल्या बाकावर बसायला लागला. उपदेश चालू असताना त्याची नजर हिवाळ्यांच्या तोंडावरून हलत नसे, आणि त्या नजरेपुढे हिवाळ्यांचे उपदेश दिवसेंदिवस आखूड होत गेले. प्रार्थना कोरडी होत गेली. पंचांनी मिशनला कळवायचं ठरवलं आहे, असं त्यांच्या कानावर आलं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. सकाळी उठून कॉलर गळ्यात अडकवायची म्हणजे हात जड होत.

पुढच्या जानेवारीत एके दिवशी दुपारी दौलतची बायको मार्था बोलवायला आली. ती आता दोन खोल्यांमधल्या गिरणीकामगारांना डबे करून घालत होती. "जरा घरी येऊन जा, साहेब," एवढंच म्हणाली. हिवाळे तिच्यामागून चिंचपोकळीच्या चाळीत गेले. भिंतीभिंतीवर निवडणुकीच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. दौलत चटईवर बसून भाजी निवडत होता. पाळकांना बघून धडपडत उठला, चटई झटकून घातली.

मार्थानं चहा पुढे ठेवला आणि ती समोरच उभी राहिली.

"वरळीच्या गिरणीत जॉबर घ्यायला तयार होता," ती म्हणाली. "साच्यावरच. विचारलं, आधीची नोकरी का सुटली? ह्यांनी समदं सांगितलं. कापड कापलं, पोटाला गुंडाळलं, देवापुढं ठेवलं. त्यो हसला आन् बाहेर घालवलं. त्याच्या आदी लोअर परळला गेले, तिथं जात विचारली. ती बी सांगितली."

"जात? पूर्वी तर तू..."

"पूर्वी गप बसायचो साहेब," दौलत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळं, पण कुठेतरी सुखावलेलं हसू होतं. "लई वर्सं गप बसलो. त्या दिशी तुमी साहेबाम्होरं उभं राहून बोलला ना, म्या दारात हुतो. असं कुनी बोललेलं जन्मात ऐकलं न्हवतं. तवापासनं खोटं जिभंवर येतच न्हाई."

हिवाळ्यांना तेव्हा कळलं, त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे डोळे कशानं मोठे झाले होते. भीती नव्हती ती. त्यांनी कप खाली ठेवला.

"उद्या दादरच्या गिरणीत बोलावलंय," मार्था म्हणाली. "साचा रिकामा हाय. तुमच्याबिगर कुनाचं ऐकत न्हाईत. सांगा की त्यांना."

बाहेर गॅलरीत कोणीतरी बादली आपटली. दौलत हात पुढे बांधून वाट बघत होता, चर्चमध्ये बघतो तशी.

"दौलत," हिवाळे म्हणाले, "खोटं सांग."

त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "सांग, आई आजारी होती म्हणून गावी राहिलो, नाव कापलं गेलं. जात विचारली तर गोव्याकडचा म्हणून सांग. मी सांगतो म्हणून सांग. माझी शपथ आहे तुला."

दौलत त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या आणि तोंडभर हसू पसरलं.

"परीक्षा घेता व्हय साहेब माझी?" तो म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "बघ. म्हनलं न्हवतं तुला?"

मार्थानं वाकून हिवाळ्यांच्या पुढ्यातला कप उचलला. त्यात अजून चहा होता.